लाकडी होडीला एपॉक्सी की पॉलिस्टर?
फळीची भेग बुजवायची म्हटलं की हात आधी पॉलिस्टर रेझिनकडे (रसायन मिसळलं की घट्ट होणारा चिकट द्रव) जातो. स्वस्त आणि झटपट. फायबरच्या होडीला ते ठीक, लाकडाशी मात्र त्याचं फारसं जमत नाही. सुकताना ते साधारण ५ ते ८ टक्के आकसतं. त्यात लाकूड ओलाव्याने फुगलं की कडेने सुटायला लागतं. असा एक जुना थर मी पटाशीने उचकटला, तर अख्खा पापुद्रा हातात आला. मागे लाकडाचा एक तंतू चिकटलेला नव्हता! एपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचा चांगला जोड तोडायला जा, बहुधा लाकूडच फाटतं.

पण एपॉक्सीत अंदाजपंचे चालत नाही. पॉलिस्टरमध्ये हार्डनर (घट्ट करणारं रसायन) १-२ टक्क्यांत कमी-जास्त करून वेग सांभाळता येतो. इथे डब्यावर २:१ (दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर) लिहिलं असेल तर २:१च; हार्डनर जास्त ओतलं तर लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतं. सुकल्यावर कधीकधी वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उन्हात एपॉक्सी पिवळं पडून भुकटतं, म्हणून वरून रंग किंवा व्हार्निश हवंच. लाकूड ओलं असेल तर दोन्ही वाया.