फिमाई की सिएम रीप? ख्मेर मूर्ती बघायला नेमकं कुठं जायचं

मावसभावाचा मेसेज आला, "ताई, बँकॉकला आठ दिवस आहोत, त्यातले दोन काढून ती जुनी ख्मेर देवळं आणि मूर्ती बघायच्यात, अंगकोर करू का दुसरं काही जवळ आहे?" ख्मेर म्हणजे कंबोडियाचं जुनं साम्राज्य, अंगकोर ही त्याची राजधानी. आता दोन दिवसात अंगकोर म्हणजे लग्नाला जाऊन नुसता आहेर देऊन परत येणं. म्हणून त्याला फिमाई सुचवलं, तर म्हणे हे काय असतं.

फिमाई थायलंडमध्येच आहे, नाखोन रात्चसिमा प्रांतात, ज्याला सगळे कोरात म्हणतात. बँकॉकहून कोरात साधारण २६० किमी, तिथून पुढे ६० किमी. गाव छोटं, मधोमध ख्मेर देऊळ, आणि चालत जाण्यासारख्या अंतरावर मून नदीजवळ राष्ट्रीय संग्रहालय. कंबोडियात, अंगकोरच्या देवळांशेजारी असलेल्या सिएम रीपचं अंगकोर राष्ट्रीय संग्रहालय हे दुसरं टोक. २००७ मध्ये उघडलं, नावात राष्ट्रीय असलं तरी खाजगी कंपनी चालवते, मस्त एसी, मोठमोठी दालनं, फिल्म, ऑडिओ गाइड. तिकीट बाराएक डॉलर, आणि अंगकोरच्या देवळांच्या पासमध्ये ते धरलेलं नाही. पास वेगळा, एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. फिमाईत शे-दोनशे बाटचा मामला.

पण पैशावर ठरवू नका, दोन्हीकडे बघायला मिळतं ते वेगळं आहे.

सिएम रीपचं संग्रहालय तुम्हाला शिकवतं. राजे कोण, धर्म कसा बदलत गेला, अंगकोर वाट या तिथल्या सगळ्यात मोठ्या देवळाचा आराखडा काय, हे सगळं ओळीनं. हजार बुद्धांचं दालन आहे, तिथं गेलं की नवरा-पोरं गप्प होतात हा स्वानुभव. मला स्वतःला शिलालेखांचं दालन आवडलं. भाषा संस्कृत आणि जुनी ख्मेर, अक्षरं दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीच्या घरातली, त्यामुळे आपल्याला ओ की ठो वाचता येत नाही, पण खाली रोमन अक्षरात जयवर्मन, सूर्यवर्मन दिसलं की पाहुण्याच्या घरात आपल्या आजोबांचा फोटो दिसल्यासारखं होतं. मात्र लायटिंग इतकं नाटकी की कधीकधी मूर्तीपेक्षा सावलीच जास्त दिसते, आणि शेवटी दुकानातून बाहेर. एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. आधी दोन दिवस देवळं पायाखाली घातली आणि मग तिसऱ्या दिवशी संग्रहालय, तेव्हा कळलं की अंगकोर वाटच्या समुद्रमंथन कोरलेल्या भिंतीवर काय काय बघायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी दुपारच्या उन्हात तीन तास इथं, आणि मग देवळं.

फिमाईचं संग्रहालय शिकवत बिकवत नाही फारसं, समोर आणून ठेवतं. दारावरच्या कोरीव दगडी पट्ट्या, म्हणजे आपल्याकडे गणेशपट्टी असते ती जागा, इथं रांगेत मांडल्यात आणि चक्क डोळ्यांच्या पातळीवर. देवळात मान मोडून वर बघावं लागतं ते इथं एक फुटावरून बघता येतं. मधोमध काळ नावाच्या राक्षसाचा चेहरा, बटबटीत डोळे, दोन्ही गालांतून फुलांच्या माळा बाहेर पडतायत. आपलंच कीर्तिमुख की हे! फक्त आपल्याकडे ते बऱ्याचदा उंबरठ्यावर असतं, इथं डोक्यावर. मी एका पट्टीपुढे बसकण मारली तर आमचे हे दोनदा हाक मारून गेले.

आणि सातवा जयवर्मन. ज्यानं अंगकोर थॉम ही तटबंदीची नगरी आणि तिच्या मधोमध बायोनचं देऊळ उभं केलं तो ख्मेर राजा, गादीवर ११८१ मध्ये आला. त्याची मानली जाणारी मूर्ती फिमाईच्याच देवळाच्या आवारात सापडली, अस्सल संग्रहालयात आहे आणि मूळ जागी नक्कल. मुकुट नाही, दागिना नाही, केसांचा छोटा अंबाडा, डोळे खाली, अंगानं थोराड. दोन्ही हात तुटलेत, मुळात ते नमस्काराला जोडलेले असावेत असं मानतात. देवळात कीर्तनाला बसलेले गावचे पाटील वाटतात.

याच राजाच्या ११९१ च्या शिलालेखात अंगकोर ते विमायपूर, म्हणजे हेच फिमाई, या रस्त्यावर १७ वह्निगृहं होती अशी नोंद आहे, आपल्या भाषेत धर्मशाळा. ११८६ च्या लेखात १०२ आरोग्यशाळा, त्यातल्या एकीचे अवशेष फिमाईत आहेत, कुटी ऋषी म्हणतात. शब्द ऐकूनच बरं वाटतं.

याशिवाय फिमाईची ती काळी, घासून चकचकीत केलेली भांडी आहेत, ख्मेर राज्याच्या कितीतरी आधीची. पोरं तिथून पळतात, तुम्ही थांबा.

संग्रहालय झालं की लगेच देऊळ. मधलं शिखर २८ मीटर, अंगकोर वाटच्या थोडं आधीचं, बहुतेक ख्मेर देवळं पूर्वेला तोंड करतात तर हे दक्षिणेकडे, अंगकोरच्या दिशेनं. बौद्ध देऊळ, पण राम-लक्ष्मण नागपाशात अडकलेले दगडावर दिसतातच.

तर भावाला सांगितलं ते असं. बँकॉकच करायचंय, हातात दोन दिवस, गर्दी नको, तर डोळे मिटून फिमाई. एक रात्र कोरातला. कंबोडिया वेगळं करायचंच असेल तर सिएम रीप, किमान चार दिवस, नाहीतर जाऊ नका. आणि ख्मेर शिल्पातलं सगळ्यात भारी एकाच छताखाली हवं असेल तर दोन्ही सोडून कंबोडियाच्या राजधानीतलं, नॉम पेन्हचं राष्ट्रीय संग्रहालय, १९२० चं, तिथं कोह केर या जुन्या ख्मेर राजधानीतून चोरीला गेलेले आणि २०१४ मध्ये अमेरिकेतून परत आलेले भीम-दुर्योधन आहेत.

फिमाई आणि अंगकोर एकाच ट्रिपमध्ये रस्त्यानं जोडायचा प्लॅन मात्र करू नका, २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आणि नाकी बंद केली, त्यामुळे आधी चौकशी करा, नाहीतर विमानच. थायलंडमधली बरीच राष्ट्रीय संग्रहालयं सोमवार-मंगळवार बंद असतात तेही बघून घ्या. शाकाहारी असाल तर हॉटेलात "किन जे" म्हणा. आणि गावाबाहेर साय न्गाम म्हणून अवाढव्य वड आहे, आई तिथं म्हणाली वटपौर्णिमेला इथं आले तर दोऱ्याची अख्खी पेटी लागेल.