कोळीमॅन की बॅटवाला?

बेळगावजवळच्या खानापूरच्या भाच्याला गणपतीतल्या नाटुकल्यात सुपरहिरोची टर उडवायचीय; गाडी पात्रावर अडलीय: स्पायडरमॅनचा कोळीमॅन करावा की बॅटमॅनचा बॅटवाला?

खर्चात बॅटवाला परवडतो. काळी चादर, पॅड, गल्लीतली बॅट, झालं! १९३९ पासून वटवाघूळ मिरवणारा बॅटमॅन एलबीडब्ल्यू झाला की लोक हसणार, पण एकदाच.

स्पायडरमॅनच्या कोळ्याला व्हॉलीबॉलचं नेट मागून आणावं लागेल. मात्र विनोद तीनपदरी: भिंतीवरचा कोळी, मासे धरणारा कोळी, आणि कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडी! त्यानं रुबाबात 'मी कोळी' म्हटलं की मावशी पापलेटचा भाव विचारणार, शेजारचे कन्नड काका अर्धा किलो लेगपीस मागणार. ही मजा पुण्यात जमायची नाही.

पाच मिनिटांची एंट्री असेल तर बॅटवाला घे. अर्धा तास खेचायचा आणि समोर दोन्ही भाषांची माणसं असतील तर कोळीच. पाठांतर मात्र जास्त पडेल, बघ बाबा.