ओढ्यातला मासा की दुकानातला?

गोल्डफिश आणि गप्पीऐवजी सह्याद्रीतले देशी मासे घरच्या टाकीत ठेवावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर हातजाळी घेऊन ओढ्यावर जाणे आणि शोभिवंत माशांच्या दुकानातून देशी जाती विकत आणणे असे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग वरवर फुकटाचा दिसतो. मात्र निवड पैशांवर करण्यापेक्षा मासा संथ पाण्यातला आहे की वाहत्या, यावर करावी, असे माझे मत आहे.

भातखाचरे, पाट, गावतळी अशा संथ पाण्यातला पिकू स्वतः धरून आणण्यास योग्य आहे. डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पृष्ठभागाला चिकटल्यासारखा स्थिर राहणारा हा मासा उन्हाने तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. तो सुमारे १० सेंटिमीटर वाढतो, उडी मारतो आणि तोंडात मावणारा कोणताही लहान मासा गिळतो, त्यामुळे टाकीला झाकण हवेच. मासे धरण्यासाठी पावसाळ्यानंतरचे दिवस निवडावेत व लहान पिल्लेच घ्यावीत. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात, त्यांना हात लावू नये.

खळाळत्या ओढ्यातल्या मळ्याचे तसे नाही. हनुवटीखालच्या चकतीने खडकाला धरून राहणारा आणि त्यावरचे शेवाळ खरवडणारा हा मासा सतत वाहते, थंड पाणी मागतो. २२ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ८.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना मात्र सुमारे ७.५. एप्रिलमधल्या शहरी सदनिकेत साध्या एअर पंपावर मळ्या जगवणे कठीण असते. ज्याच्याकडे जोरदार प्रवाहाची सोय नाही त्याने तो ओढ्यातून आणू नये, दुकानात दिसला तरी घेऊ नये.

दुकानातून घेतला म्हणजे निसर्गाला धक्का लागला नाही, असे समजणेही बरोबर नाही, कारण देशी जातींपैकी अनेक मासे नद्यांतूनच पकडून बाजारात येतात. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा लाल पट्ट्याचा बार्ब याचे ठळक उदाहरण आहे: शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी झालेली बेसुमार पकड त्याला भोवली आणि आज तो संकटग्रस्त जातींत मोडतो. त्याची पैदास टाकीत करता येते, म्हणून मासा पैदाशीचा आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. उत्तर गोलमोल आले तर खरेदी टाळावी. दुकानातल्या माशाचा खरा फायदा एवढाच की तो बहुधा कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. ओढ्यातल्या माशाला आरंभी अळ्या किंवा गांडुळाचे तुकडेच द्यावे लागतात. रोगाच्या बाबतीत दोन्हीकडे सारखाच धोका आहे, म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

कायद्याचे भान ओढ्यावर जाणाऱ्याने अधिक ठेवायचे आहे. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून काहीही आणता येत नाही, तर अनेक तलावांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते.

वनस्पतींत मात्र मी तळ्याच्या बाजूने आहे. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांची मूठभर रोपे पुरतात व भराभर वाढतात. त्यांच्याबरोबर गोगलगायींची अंडी आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि या अळ्या माशांची पिल्ले फस्त करतात. त्यामुळे रोपे आधी दोन आठवडे वेगळ्या घमेल्यात ठेवून निरखावीत. कासच्या पठारावरचा वायतुरा फक्त सह्याद्रीत आढळतो आणि पावसाळा सरला की कंदरूपाने जमिनीत दडतो. बारमाही भरलेल्या टाकीसाठी तो उपटणे निरर्थकच आहे.

ओढ्यातून आणलेला मासा नको झाल्यास परत सोडता येईल, असे अनेकांना वाटते. एकदा दुकानातल्या माशांच्या पाण्यात राहिला की त्याच्याबरोबर रोगही ओढ्यात जाऊ शकतात, त्यामुळे जास्त झालेल्या माशांना कोण घेणार, हे जाळी पाण्यात घालण्यापूर्वीच ठरवावे.