वजन, हॉर्सपॉवर आणि पाव मैल: एका सूत्राचा आठ महिन्यांचा अनुभव

ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे थांबलेल्या गाडीने सुटून सरळ पट्ट्यावर धावायच्या शर्यतीत, गाडी पाव मैल, म्हणजे 402 मीटर, किती सेकंदांत कापेल याचा अंदाज बांधायचं एक सूत्र आहे. वजन पौंडांत घ्यायचं, हॉर्सपॉवरने भागायचं, उत्तराचं घनमूळ काढून 5.825 ने गुणायचं. त्याच घनमुळावरून पाव मैलाच्या शेवटी किती वेग असेल, हेही काढता येतं. गेले आठ महिने गाडीत काहीही बदलण्याआधी मी हे गणित वहीत मांडलं आणि मग टाइमस्लिपशी, म्हणजे ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळ आणि वेगाच्या चिठ्ठीशी, ताडून पाहिलं.

माझी गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळते. मी आत बसलेलो असताना वजन 3,200 पौंड, म्हणजे साधारण 1,451 किलो. इंजिन 300 हॉर्सपॉवरचं. हिशेबाने वेळ 12.82 सेकंद आणि शेवटचा वेग ताशी 171 किमी यायला हवा होता. वेग 170 आला, वेळ मात्र 13.30! लाइट हिरवा झाल्यावर मी उशिरा निघालो म्हणावं, तर तेही नाही. घड्याळ गाडी जागची हलल्यावरच सुरू होतं.

सगळी गंमत त्या घनमुळात आहे. वजन एक टक्का घटवलं तर वेळ जेमतेम एक तृतीयांश टक्का घटते. माझ्या गाडीला 45 किलो कमी करणं आणि 10 हॉर्सपॉवर वाढवणं जवळपास सारखंच: दोन्हीत साधारण 0.13 ते 0.14 सेकंदांचा फायदा. वजन काढायला खर्च नाही, म्हणून आधी तिथेच हात घातला. मागची सीट, स्टेपनी, जॅक, पाना, सगळं बाहेर काढलं.

वेग 172 झाला आणि वेळ 13.34. म्हणजे उलट वाढलीच! फार वाईट वाटलं. रात्री दोन्ही स्लिपा शेजारी ठेवल्या तेव्हा पहिल्या 60 फुटांचा आकडा दिसला: आधी 2.15 सेकंद, आता 2.22. मी काढलेलं वजन नेमकं मागच्या चाकांवरचं होतं. तिथला दाब गेला आणि सुटताना टायर जागच्या जागी फिरले.

मग बॅटरी डिकीत हलवली, मागे ड्रॅग रेडियल, म्हणजे जास्त पकडीचे, टायर घातले, त्यांतली हवा थोडी कमी केली. 60 फूट 1.95 वर आले आणि वेळ 12.88 वर. इंजिन तेच, वजनही जवळजवळ तेच.

तेव्हापासून मी स्लिप अशी वाचतो: वेगावरून ताकद कळते, वेळेवरून पकड. वेगाच्या बाबतीत सूत्राने मला एकदाही फसवलं नाही. वेळेचा आकडा मात्र गाडी नीट सुटली तरच हाती लागतो.

वापरणार असाल तर वजन ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट घ्या. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा बहुधा चाकांवरचा असतो, इंजिनची ताकद त्याहून जास्त. गरम हवेत किंवा उंचावरच्या ट्रॅकवर हवा विरळ असते, तिथे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नसलेलं इंजिन पूर्ण ताकद देत नाही.

आता हलकी चाकं बसवणार आहे. चाक पुढे ढकलावं लागतं तसं फिरवावंही लागतं, आणि सूत्र हा फरक धरत नाही. वहीत त्यासाठी नवं पान काढून ठेवलंय.