चरबी गेली, ग्रंथी राहिली तर काय उपयोग? पुरुषांच्या स्तनवाढीच्या शस्त्रक्रियेचं परीक्षण

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पुरुषांच्या छातीवरची वाढलेली ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे गायनेकोमास्टियाची शस्त्रक्रिया, नीट निवडलेल्या माणसावर आणि ग्रंथीसकट केलेली असेल तर मनापासून शिफारस करावी अशी आहे. व्रण लहान राहतो, माणूस बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि मूळ कारण दूर झालेलं असेल तर निकाल टिकतो. पण याच नावाखाली नुसती चरबी ओढून काढण्याचं काम, म्हणजे लायपोसक्शनही, सर्रास विकलं जातं. त्याची शिफारस सरसकट करता येत नाही. हा फरक न समजल्यामुळे किती जण टाके सुकल्यावरही टी-शर्ट ओढत, खांदे पुढे झुकवून चालत राहतात! म्हणून सगळ्यात जास्त जागा याच मुद्द्याला दिली आहे.

ग्रंथी आहे की चरबी, हे आधी बोटांनी कळतं. उताणं झोपा, हात डोक्यामागे घ्या. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राच्या दिशेने आणा. खाली ग्रंथी असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाखाली, म्हणजे एरिओलाखाली, रबरासारखी घट्ट चकती बोटांना अडवते. ती बरोबर मधोमध असते, खालच्या स्नायूवर थोडी सरकते, दाबल्यावर कधी दुखते. नुसती चरबी असेल तर बोटं काहीही न अडता स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून चांगला सर्जन हाताने तपासून वर सोनोग्राफी करून घेतो. पहिल्या भेटीत छातीला हातही न लावता नुसत्या फोटोवरून पॅकेज सांगितलं जात असेल, तर तिथे पुढे जाऊ नका.

शस्त्रक्रियेआधीची चौकशी हा या सेवेचा खरा पाया आहे आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. स्तनग्रंथी वाढते ती इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुष-संप्रेरक) यांचा तोल बिघडल्यामुळे. तो बिघडवणाऱ्या औषधांची यादी लांब आहे: स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड, बायकॅलुटामाइड, किटोकोनॅझोल, सिमेटिडीन, रिस्पेरिडोन. शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स तर नेहमीचीच. शिवाय यकृताचा सिऱ्हॉसिस, मूत्रपिंडाचा जुना आजार, थायरॉइडचा अतिरेक, क्लाइनफेल्टर सिंड्रोम (पुरुषात एक्स गुणसूत्र जास्तीचं असण्याचा जन्मजात विकार) आणि क्वचित वृषणातली गाठ. म्हणून सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिओल, एचसीजी, प्रोलॅक्टिन, टीएसएच ही रक्तातली संप्रेरकं आणि यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या यांतल्या गरजेच्या कराव्या लागतात. वृषणांची हाताने तपासणी तर व्हायलाच हवी. ती लाजेपोटी टाळली जाते, आणि टाळणारा दर वेळी रुग्णच असतो असं नाही. औषधामुळे वाढ झाली असेल तर ते परस्पर बंद करू नका. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याशी बोलून बदलून घ्या.

एका गोष्टीत जराही हयगय नको. गाठ एकाच बाजूला, मधोमध नसून कडेला, दगडासारखी कडक, कातडीला किंवा खालच्या भागाला चिकटलेली असेल, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव येत असेल किंवा काखेत गाठी लागत असतील, तर सौंदर्य-शस्त्रक्रियेचा विषय बाजूला ठेवून मॅमोग्राफी आणि बायोप्सी आधी. सगळ्या स्तन-कर्करोगांपैकी साधारण एक टक्का पुरुषांत आढळतात. प्रमाण कमी आहे, पण उशीर झाला तर त्याची किंमत मोठी. त्याच कारणाने काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजी तपासणीला पाठवलीच पाहिजे. ती पाठवणार का, हा प्रश्न आधीच विचारा.

आता वेळ कधीची. वयात येताना झालेली वाढ बहुतेक मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घाईने टेबलावर घेणं चूक आहे, मग शाळेतल्या चिडवण्याने तो कितीही हैराण झालेला असो. त्याला त्या काळात धीर लागतो, घरच्यांची साथ लागते, कधी समुपदेशनही लागतं. वाढ दोन वर्षांहून जास्त टिकली, मुलाची शारीरिक वाढ पूर्ण होत आली आणि तपासण्या ठीक असतील, तर मग विचार करावा. अगदी सुरुवातीच्या, दुखऱ्या अवस्थेत टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. साधारण वर्षभरानंतर मात्र ग्रंथीत तंतुमय ऊती तयार होते आणि गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. या गोळ्या जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने घेऊ नयेत, त्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वजन कमी करायचं असेल तर तेही आधी करा आणि सहाएक महिने स्थिर ठेवा. शस्त्रक्रियेनंतर पंधरा किलो उतरले तर कातडी लोंबते आणि चांगलं झालेलं काम वाया जातं.

टेबलावर नेमकं काय होतं

खुणा उभं करूनच घ्यायच्या असतात. आडवं झाल्यावर छातीचा आकार पसरतो, छातीखालची घडी दिसेनाशी होते आणि अंदाज चुकतो. भूल पूर्ण देता येते, किंवा वाढ लहान असेल तर ग्लानीच्या औषधासोबत स्थानिक. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधीपासून घन पदार्थ बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत.

मग छातीत ट्युमेसंट द्रव, म्हणजे ऊती फुगवून रक्तस्राव कमी करणारं मिश्रण, सोडतात. ढोबळ प्रमाण एक लिटर सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटमध्ये 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन, आणि गरजेप्रमाणे बधिर करणारं लिग्नोकेन. अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, पण त्याला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं न थांबता कॅन्युला (चरबी ओढायची पोकळ नळी) आत घातली की रक्तस्राव वाढतो आणि नंतर छाती काळीनिळी पडते. साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीच्या कॅन्युलाने आजूबाजूची चरबी काढतात. कडेच्या भागात ती हळूहळू विरळ करत न्यावी लागते, नाहीतर छातीवर पायरी उमटते.

चरबी निघाली की ग्रंथी. लायपोसक्शन कुठे कमी पडतं ते इथे उघडं होतं. चरबी मऊ, पिवळी, कॅन्युलातून सहज ओढली जाते. ग्रंथी पांढरट, चिवट, रबरी असते आणि तिच्या कडेने बोटांसारखे फाटे चरबीत शिरलेले असतात. कॅन्युला तिच्या अंगाला घासून पुढे निघून जाते. म्हणून एरिओलाच्या खालच्या अर्ध्या कडेने, घड्याळात चार ते आठ आकडे जिथे येतात तेवढ्या कमानीत, छेद घेऊन ती सोडवून काढावी लागते. हा छेद 1946 मध्ये वेबस्टर यांनी मांडला आणि अजूनही तोच सर्वात विश्वासाचा आहे. गडद आणि फिकट कातडीच्या सीमेवर असल्यामुळे व्रण लपतो. छोट्या छिद्रातून ग्रंथी ओढून तुकडे करत काढण्याची पुल-थ्रू पद्धतही आहे. अनुभवी हातात ती चालते, पण रक्तवाहिनी डोळ्यांसमोर नसते, हे लक्षात ठेवायला हवं. अल्ट्रासाउंड ऊर्जेचं लायपोसक्शन घट्ट, तंतुमय चरबीत उपयोगी पडतं. चिवट ग्रंथीची चकती त्याने पूर्ण जाईलच असं नाही आणि जास्त वेळ चालवलं तर कातडी भाजते.

सगळ्यात कसोटीचं काम म्हणजे एरिओलाखाली किती ठेवायचं. अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम राखावा लागतो. सगळं खरवडून काढलं तर स्तनाग्र आत बसतं, बशीसारखा खळगा पडतो आणि छातीचा स्नायू आवळला की तो आणखी खोल दिसतो. जास्त ठेवलं तर स्तनाग्र फुगलेलंच राहतं. नुसत्या यंत्राच्या नावावर सर्जन निवडू नये तो यासाठी. हा थर कुठलंही यंत्र ठरवत नाही, बोटांखालची जाडी जोखणारा हात ठरवतो.

वाढ किती आणि कातडी किती जादा यावरून सायमन यांनी 1973 मध्ये केलेली वर्गवारी अजून वापरात आहे. पहिल्या आणि दुसऱ्या-अ प्रकारात जादा कातडी नसते, तिथे वरची पद्धत पुरते. दुसऱ्या-ब प्रकारात कातडी थोडी जादा असते. तरुण, लवचिक कातडी सहा ते बारा महिन्यांत बरीच आकसते, म्हणून पहिल्याच बैठकीत ती कापायची घाई नको. तिसऱ्या प्रकारात मात्र कातडी कापून स्तनाग्र वर बसवावं लागतं आणि व्रण मोठे राहतात. तिथेही “व्रण दिसणारच नाही” असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

काय बिघडतं

लवकर होणाऱ्या गुंतागुंतींत रक्त साचणं सर्वात नेहमीचं. बहुधा पहिल्या चोवीस तासांत एकच बाजू अचानक फुगते, ताणते, जांभळी पडते, दुखणं गोळीला दाद देत नाही. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहायची नाही, तडक सर्जनला गाठायचं. पुन्हा उघडून रक्त काढलं की छाती सुधारते, तसंच ठेवलं तर आत घट्ट गोळा होतो आणि आकार बिघडतो. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हे म्हणूनच आधी विचारून ठेवा. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, माशाच्या तेलाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर सगळं सांगा. हृदयासाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

नंतरच्या दिवसांत पिवळसर पाणी साचू शकतं, ते सुईने एक-दोनदा काढलं की बहुधा थांबतं. स्तनाग्र बधिर होणं हे नेहमीचंच, काही महिन्यांत संवेदना बरीच परत येते, क्वचित कायमची कमी राहते. स्तनाग्राची कातडी काळी पडून मरणं दुर्मीळ आहे. ते जास्त करून थर फार पातळ केल्याने, कातडी मोठ्या प्रमाणात कापल्याने किंवा धूम्रपानामुळे घडतं. सिगारेट आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद, ही अट कडक वाटली तरी सोडू नका.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. आधीही नसतात, म्हणून आधीचे फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरके काढून ठेवायला सांगा.

पट्टा, झोप आणि तिसरा आठवडा

ड्रेन, म्हणजे आत साचणारा स्राव बाहेर काढणारी नळी, ठेवला असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत निघतो, रोजचा स्राव साधारण 30 मिलिलिटरच्या खाली आल्यावर. प्रेशर व्हेस्ट, म्हणजे छाती दाबून धरणारा पट्टा, पहिले दोन-तीन आठवडे आंघोळ सोडून दिवसरात्र, मग आणखी दोन-तीन आठवडे दिवसा. पुढून चेन असलेलाच घ्या, डोक्यावरून घालायच्या बनियनसाठी हात वर करावे लागतात आणि पहिल्या आठवड्यात तेच करायचं नसतं. दोन नग घ्या, एक धुवायला, एक अंगावर. कापड आणि छाती यांच्यात दोन बोटं कशीबशी जायला हवीत. त्याहून घट्ट असेल तर काखेत फोड येतात, श्वास अडतो. घडी पडून राहिली तर तिची रेघ सुजलेल्या कातडीवर उमटते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा आरशात पाहून कापड सपाट करा.

पहिले दोन-तीन आठवडे उताणं, डोक्याकडची बाजू थोडी उंच करून झोपा. चालणं त्याच दिवसापासून. बैठं काम तीन ते सात दिवसांत जमतं. धावणं तीन आठवड्यांनंतर, बेंच प्रेस आणि पुशअप्स सहा आठवड्यांनंतर, तेही सर्जनने पाहून हो म्हटल्यावरच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती पुन्हा कडक, गाठाळ लागायला लागते आणि ग्रंथी परत आली म्हणून माणूस घाबरून जातो. ती बहुधा जखम भरतानाची कडक ऊती असते. सांगितल्याप्रमाणे मालिश केलं तर तिसऱ्या महिन्यापर्यंत बरीच मऊ पडते. आकार तीन ते सहा महिन्यांनी ठरतो, व्रण फिका व्हायला वर्ष लागतं. खळगा किंवा उरलेली ग्रंथी यांची दुरुस्ती सहा महिन्यांच्या आत करू नये, कारण तोवर सूज कुठली आणि ऊती कुठली हे नीट कळत नाही. स्टेरॉइड्स पुन्हा सुरू केली तर मात्र राखून ठेवलेला तो पातळ थर खरोखरच वाढू शकतो.

खर्चाचा कागद हातात आला की एवढं शोधा: ग्रंथी काढणं आणि लायपोसक्शन दोन्ही लिहिलंय का, भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजी, व्हेस्ट आणि ड्रेसिंग त्यात धरलंय का, रक्त साचलं तर परत टेबलावर नेण्याचे पैसे वेगळे आहेत का, आणि दुरुस्तीची वेळ आली तर अटी काय. नुसतं “लायपोसक्शन, दोन्ही बाजू” एवढंच लिहिलेलं असेल आणि तुमच्या बोटांना ती रबरी चकती लागत असेल, तर सही करण्याआधी ग्रंथी काढण्याची ओळ त्या कागदावर लिहून घ्या.