८ एमबी रॅम असूनही ‘मेमरी फुल’: जुन्या ३८६ वर आठ महिने

जुन्या ३८६ प्रोसेसरच्या डॉस कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या रॅमच्या चार स्टिकला घातलेले १,४०० रुपये परत मिळणार नाहीत, हे परवा नक्की झालं. विकणारा म्हणतो, ‘माल चालू आहे, परत कशाला घेऊ?’ चालू आहे हे खरं. मशीन सुरू करताना आकडा ८१९२ केबी, म्हणजे ८ एमबीपर्यंत मोजत जातो. पण लोटस १-२-३ या डॉसवरच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये तुरीच्या शीटवर पाच हजाराव्या ओळीच्या आसपास जे ‘मेमरी फुल’ ४ एमबीला यायचं, ते ८ एमबीलाही तिथंच आलं.

मशीन ६,५०० ला घेतलं ते लातूरच्या आमच्या अडतीच्या जुन्या हिशेबांसाठी. त्या फायली लॅपटॉपवर उघडतात, पण दादांनी तेव्हा बसवलेले मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) तिथं चालत नाहीत. हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर काढणारा मॅक्रो त्यातलाच. दादा पंच्याहत्तरीचे आहेत, पण लोटसचा मेनू उघडायला स्लॅश दाबला की पुढची अक्षरं त्यांची बोटं न बघता दाबतात. बाकी मशीनबद्दल तक्रार नाही. कीबोर्ड तर आजच्यापेक्षा सरस.

माझी चूक अशी, की रॅम म्हणजे रॅम, असं मी धरून चाललो. पहिल्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबीच्या पलीकडचं दिसतच नाही आणि त्यातले ६४० केबी प्रोग्रामला मिळतात; ती कन्व्हेन्शनल मेमरी. मोठ्या शीटवाल्यांची अडचण झाली म्हणून १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून एक्स्पांडेड मेमरी ठरवली. ६४० केबीच्या वरच्या भागात ६४ केबीची एक खिडकी, तिच्यात १६ केबीची चार पानं. गल्ल्यावर चारच वह्या मावतात, बाकीच्या कपाटात. लागेल ती काढायची, झाली की ठेवायची, तसं ते काम. एक्स्टेंडेड मेमरी वेगळी. ती १ एमबीच्या वर सरळ पसरलेली, ८०८८ नंतरच्या २८६ प्रोसेसरपासून आली, पण डॉसचा साधा प्रोग्राम तिथं थेट पोचत नाही. आमचं लोटस २.०१ तिला ओळखतच नाही. मी विकत घेतलेली सगळी रॅम तिकडंच जाऊन बसली होती.

स्लॅश, डब्ल्यू, एस दाबलं की लोटस दोन्ही मेमरी दाखवतं. ते पान मी आठ महिने बघत होतो, पण वरची कन्व्हेन्शनलची ओळ तेवढी वाचायचो. खाली एक्स्पांडेडपुढं ‘नन’, म्हणजे काहीच नाही, लिहिलेलं होतं. मशीन सुरू होताना डॉस वाचतं ती कॉन्फिग.सिस फाइल उघडली, तर एक्स्पांडेड मेमरी बनवणाऱ्या ईएमएम३८६ या ड्रायव्हरच्या ओळीला शेवटी ‘नोईएमएस’ जोडलेलं. मशीन देणाऱ्यानं बाकीचे ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या भागात चढवून खालचे ६४० मोकळे ठेवायला ते घातलं असणार, पण त्यानं एक्स्पांडेड बंद झाली. तो शब्द काढून तिथं ‘२०४८ रॅम’ (२०४८ केबी एक्स्पांडेडसाठी) लिहिलं, मशीन पुन्हा सुरू केलं. पाच हजारावी ओळ आली आणि गेली. एक रुपया खर्च नाही. त्या आधीच्या ४ एमबीतच हे झालं असतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

‘३८६ वर मोठी शीट चालत नाही’ असं मी दोघातिघांना सांगितलं होतं, ते मागं घेतो. पण सगळं सुटलेलं नाही. ती ६४ केबीची खिडकी वरची जागा खाते, त्यामुळं माउसचा ड्रायव्हर खाली ६४० मध्ये आला. शिवाय सेलमधला मजकूर एक्स्पांडेडमध्ये गेला तरी त्याचा पत्ता खालीच राहतो, म्हणून सात हजारांच्या पुढं कन्व्हेन्शनल पुन्हा संपत येते. लोटसला माउस लागत नाही, तो ड्रायव्हर मी काढूनच टाकला. तुमच्याकडं असं मशीन असेल तर रॅम घेण्याआधी ते ‘नन’ बघा.

काल दादांनी १९९३ च्या तुरीची अख्खी शीट पहिल्यांदा एका जागी उघडली. औशाकडच्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत तोलाई दोनदा कापलेली निघाली. त्या घरी आता कोण आहे, याची चौकशी त्यांनी सकाळीच सुरू केली आहे.