एपिऑसचे लागवडीचे कंद: रानटी घ्यावेत की निवडलेले?

एपिऑस अमेरिकाना ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्याकाठी वाढणारी बहुवर्षायू शेंगवर्गीय वेल. तिकडच्या रोपवाटिका लागवडीसाठी तिचे कंद विकतात. मागणी नोंदवताना शास्त्रीय नावच टाका, 'ग्राउंडनट' हे तिचं इंग्रजी नाव भुईमुगालाही वापरतात, ते लिहिलंत तर भुईमूगही हाती पडू शकतो.

कंद दोन तऱ्हेचे मिळतात. रानटी कंद जमिनीखालच्या लांब धावत्या खोडावर माळेतल्या मण्यांसारखे दूरदूर लागतात आणि बहुतेक लहानच राहतात. दुसरे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत बिल ब्लॅकमन आणि बर्थल रेनॉल्ड्स यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या निवडीतून, म्हणजे चांगल्या वेली वेचून वाण सुधारण्याच्या कामातून आलेले. यांचे कंद मोठे, आणि मूळ कंदापासून फार लांब जात नाहीत. खाण्यासाठी लावायचे असतील तर हेच घ्या. रानटी कंदांसाठी अख्खा वाफा उकरावा लागतो, आणि एवढं करून पानात पडतं ते मूठभर. जंगली वेलीची हौस असेल किंवा ओलसर बांध झाकायचा असेल तरच ते ठीक.

पाकीट उघडल्यावर कंद दाबून पाहा. टणक हवेत. सुरकुतलेले, मऊ किंवा बुरशीचा वास येणारे परत पाठवा. हे कंद उघड्या हवेत लवकर सुकतात, म्हणून ओलसर भुशात किंवा शेवाळात बांधून पाठवणारा विक्रेता आपलं काम जाणतो असं समजावं. नुसत्या कोरड्या कागदात गुंडाळलेल्यांवर विश्वास ठेवू नका. आणखी एक: उत्तरेकडच्या बऱ्याच वेली त्रिगुणित (पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या) असतात, त्यांना फुलं येतात पण बी धरत नाही. कंद खाणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. बियांपासून नवी रोपं करायची असतील तर मात्र वेल द्विगुणित (नेहमीसारखे दोन संच असलेली) आहे का, हे आधी विचारून घ्या.

लावणी वसंतात, ५ ते ८ सेंमी खोल, दोन कंदांत ३० ते ४५ सेंमी अंतर. कोंब उशिरा येतात. कंद मेला समजून उकरून पाहणारे कोंब तिथेच मोडतात, तेव्हा धीर धरा. वेल दोन-तीन मीटर सहज चढते, आधार मजबूत हवा. माती भुसभुशीत, किंचित आम्लधर्मी आणि सतत ओलसर ठेवा. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला की कंद पोसत नाहीत. चिकण मातीत काढणीच्या वेळी माळा तुटतात आणि निम्मे कंद मातीतच राहतात, मग पुढल्या वर्षी वेल नको तिथे उगवते. मुळांवरच्या गाठी नत्र धरतात, त्यामुळे नत्रखताची फारशी गरज नाही. आधीच्या पिकाला सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म किडे) लागलेला वाफा टाळा, ही वेलही त्यांना बळी पडते. उंदरांचा त्रास असेल तर वाफ्याच्या तळाशी बारीक जाळी अंथरा. पसरणं आवरायचं असेल तर मोठं, खोल पिंप उत्तम.

पहिल्या वर्षी खणू नका. दुसऱ्या हंगामात, थंडीने वेल वाळल्यावर काढा. मोठे कंद ठेवून घ्या, लहान पुन्हा लावा. हिवाळाभर जमिनीतच ठेवले तरी चालतात, काढले तर ओल्या वाळूत थंड जागी ठेवा.

कच्चे खाऊ नयेत: त्यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. चीकही सुटतो, तो सुरीला आणि भांड्याला चिकटून बसतो. सालीसकट पाण्यात वीसेक मिनिटं, सुरी आरपार जाईपर्यंत उकडा आणि गरम असतानाच साल काढा. गर कोरडा, पिठूळ, बटाटा आणि उकडलेल्या शेंगा यांच्या मधल्या चवीचा. उकडून काप करून तव्यावर परतले की जास्त छान. कोरड्या वजनावर प्रथिनं बटाट्याच्या साधारण तिप्पट. पण चांगले शिजवूनही काहींना उलट्या किंवा पोटाचा त्रास होतो, अगदी आधी सोसलेले असले तरी. पहिल्यांदा एक-दोन कंद खाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा आणि पाहुण्यांना न सांगता वाढू नका.

गुण: निवडलेल्या कंदांना पाचपैकी चार, एक गुण दोन वर्षं थांबायला लावतात म्हणून कमी. रानटींना दोन.